लिनक्सवर माऊस अडकतोय, झोपतोय, एकाचे दोन क्लिक होतायत? नवा घ्यायच्या आधी हे बघा

"अहो, तुमच्या लिनक्सला माऊस चालत नाही." हे वाक्य मी महिन्यातनं तीनचारदा तरी ऐकतो. कोल्हापुरात दुकानं, क्लास, वर्कशॉप अशा ठिकाणच्या जुन्या कॉम्प्युटरवर मिंट नाहीतर उबुंटू, म्हणजे लिनक्सचेच प्रकार, टाकून द्यायचं माझं काम आहे, आणि टाकून दिल्यावर पंधरा दिवसांनी फोन आला की तो एकतर प्रिंटरसाठी असतो नाहीतर माऊससाठी. प्रिंटरचं रडगाणं वेगळं, ते परत कधीतरी. माऊसचं मात्र इतक्यांदा झालंय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले की गाडीला किक मारायच्या आधीच अंदाज येतो.

एक गोष्ट आधी डोक्यातनं काढून टाका. साधा माऊस लिनक्सला चालत नाही असं जवळपास नसतंच. यूएसबी माऊस कॉम्प्युटरशी जी भाषा बोलतो ती एचआयडी नावानं ठरून गेलेली आहे, बटण दाबलं, सोडलं, एवढं डावीकडं, एवढं वर, चाक एक घर फिरलं, बास. ती भाषा लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, आधीपासनं येते, सीडी नको, ड्रायव्हर नको, अडीचशे रुपयांचा माऊससुद्धा तीच बोलतो. म्हणजे लावला आणि बाण हलला की लिनक्सचं काम तिथं संपलं, पुढं जे बिघडतं ते टेबल, सेल, रेडिओ, वायर, बटणाचा खटका नाहीतर भिंतीतली वीज ह्यातलं काहीतरी असतं. अपवाद एक, पॉवर सेव्हिंगचा, आणि तोही बहुतेक वेळा आपणच हौसेनं करून ठेवलेला असतो.

लक्षणं

"माऊस खराब झालाय" एवढ्यात कळत नाही, तुमचं ह्यातलं नेमकं कुठलं ते ठरवा:

- बाण तुटक तुटक सरकतो किंवा उड्या मारतो, आणि तेही त्याच टेबलावर.
- वायरलेस माऊस एरवी बरा असतो, पण बाहेरची हार्डडिस्क लावली की अडकतो.
- हात काढून दोनचार सेकंद झाले की माऊस मरतो, क्लिक केलं की जागा होतो.
- वायरवाला माऊस मधेच पूर्ण बंद पडतो आणि आपोआप परत येतो, कशाला काही नेम नाही.
- एकदा दाबलं की दोनदा लागतं, फाईल ओढताना मधेच सुटते.
- पान खाली न्यायला जावं तर वर उडतं.
- ब्लूटूथवाला रोज नव्यानं जोडायला लागतो.
- टाईप करताना मधेच भलताच मजकूर येऊन पडतो.

ह्यातलं शेवटचं आधी उरकतो, कारण तो बिघाडच नाही. बिंदू चौकाजवळ एक डीटीपीवाले काका आहेत, त्यांच्या लग्नपत्रिकेत वधूपित्याच्या नावात मधेच मंगल कार्यालयाचा पत्ता येऊन बसायला लागला, त्यांना वाटलं व्हायरस. लिनक्समध्ये मजकूर नुसता सिलेक्ट केला तरी तो एका बाजूला लक्षात ठेवला जातो आणि माऊसचं चाक दाबलं की तिथं पेस्ट होतो, ही जुनी सोय आहे आणि सवय झाली की सोडवत नाही. काकांच्या माऊसचं चाक इतकं हलकं होतं की फिरवताना दाबलं जायचं. तुमच्या लिनक्सचा डेस्कटॉप ग्नोम असेल तर ट्वीक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये मिडल क्लिक पेस्ट बंद करता येतं. काकांना मी घट्ट चाकाचा दुसरा माऊस दिला, पत्रिका सुरळीत.

एक आधीच सांगून ठेवतो, खाली कमांड उच्चारानं लिहिल्यात, टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा.

फुकटातल्या तपासण्या

माऊस उलटा करा. खालच्या भोकात केस, धागा, धूळ आहे का बघा आणि फुंकर न मारता कोरड्या इअरबडनं काढा, फुंकरीनं थुंकी उडते. मग खाली एक साधा, न चकाकणारा कागद घालून चालवून बघा. ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढतो आणि मागच्या फोटोपेक्षा पुढच्यात काय सरकलं त्यावरनं हात किती हलला ते ठरवतो. खाली काच असेल तर त्या फोटोत बघण्यासारखं काही नसतंच. गुजरीत एका सराफांच्या काउंटरवर हेच, काचेखाली अंगठ्या आणि काचेवर माऊस, बाण कधी चालायचा तर कधी जागच्या जागी थरथरायचा, आणि शेठ म्हणत होते विंडोज होतं तेव्हा चालत होतं. तेव्हा टेबल लाकडी होतं हे त्यांच्या पोरानं सांगितलं. जुन्या कॅलेंडरच्या पानाची पाठची बाजू चिकटवली आणि चहा पिऊन आलो, त्याचे काय पैसे घेणार.

वायरलेस असेल तर सेल बदला. हे सगळ्यांना माहिती असतं आणि कोणीच करत नाही, "परवाच घातलाय" म्हणतात. सेल उतरला की माऊस एकदम बंद पडत नाही, आधी रेंज कमी होते, बाण अडखळतो आणि आपण भलतीकडं शोधत बसतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, 'यूपॉवर -डी' दिलं तर बऱ्याच माऊसची बॅटरी किती टक्के ते दिसतं, सगळ्यांची नाही. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, म्हणून रिचार्जेबल घातला की काही माऊस लगेच बॅटरी लो म्हणून ओरडतात, ते फार मनावर घेऊ नका.

आणि पोर्ट बदला. पुढच्या पॅनलचा पोर्ट सोडून कॅबिनेटच्या मागं, थेट मदरबोर्डवर लावा. पुढच्या पोर्टला आत एक लांब वायर असते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती ढिली झालेली असते. हब मधे असेल तर हब काढा. एवढ्यानं निम्म्याच्या वर लोकांचं भागतं असा माझा अनुभव आहे.

हार्डडिस्क लावली की अडकतो

ह्याच्यावर जरा थांबतो, कारण ह्यापायी लोकांनी चांगले चांगले माऊस फेकून दिलेत.

राजारामपुरीत एक लग्नाचे फोटो काढणारा मित्र आहे. त्यानं विंडोजवरनं उबुंटूवर उडी मारली, फोटोचं सगळं सॉफ्टवेअर बसलं, खूष. पण कार्यक्रमाहून आला, हार्डडिस्क लावली, फोटो कॉपीला टाकले की माऊस गचके खायचा. कॉपी संपली की नीट. तो म्हणाला, "भावा, कॉपी करताना लिनक्स हँग होतंय." मी म्हटलं कीबोर्डवर टाईप करून बघ, अक्षरं उमटतायत का? उमटत होती, झरझर. म्हणजे कॉम्प्युटर हँग नव्हता, फक्त माऊसचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

कारण असं आहे. डोंगलवाला, म्हणजे यूएसबी पोर्टात बारका तुकडा लावायला लागतो तसला, वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. यूएसबी ३.० चा पोर्ट, तो निळ्या जिभेचा, ५ गिगाबिटच्या वेगानं डेटा पळवतो तेव्हा जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका ह्याच पट्ट्यात पसरतो. ही माझी थिअरी नाही, इंटेलनं २०१२ मध्येच ह्यावर कागद काढलाय. मित्राचं डोंगल हार्डडिस्कच्या पिनेला खेटून बसलं होतं. आता महाद्वार रोडला दिवाळीच्या गर्दीत कोणी तुमच्या कानाशी लाउडस्पीकर लावलाय आणि पलीकडनं बायको पणत्या किती घ्यायच्या विचारतीय, काय ऐकू येणार?

उपाय शंभरेक रुपयांचा. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टला लावा, आणि एक साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर माऊसच्या जवळ आणा. हार्डडिस्कपासनं वीतभर लांब गेलं तरी फरक पडतो. लॅपटॉपला दोन्ही पोर्ट निळे आणि शेजारी शेजारी असतील तर एक्स्टेन्शनला पर्याय नाही. विंडोजवर हे होत नव्हतं म्हणाल तर होत असणारच, तेव्हा हार्डडिस्क दुसऱ्या बाजूला लावत असाल.

माऊस की कॉम्प्युटर, हे फोनवर कळतं

आता माझी आवडती तपासणी. पन्नासशंभर रुपयांचा ओटीजी ॲडाप्टर, म्हणजे फोनला यूएसबी वस्तू लावायची पिन, घ्या आणि माऊस अँड्रॉइड फोनला लावा. स्क्रीनवर बाण येतो. (काही फोनमध्ये सेटिंगमधनं ओटीजी चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटांनी ते आपोआप बंद पण होतं, मग माऊस गेला म्हणून घाबरू नका.) अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे, त्यामुळं फोनवर बाण, क्लिक, चाक नीट चाललं तर माऊस लिनक्सला चालतो हे सिद्ध झालं, प्रश्न तुमच्या मशीनचा, पोर्टचा नाहीतर सेटिंगचा. फोनवरही तोच रोग दिसला तर माऊसच गेला, पुढचं वाचायची गरज नाही, एकदम खाली खरेदीवर जा (चाक उडत असेल तर मात्र आधी खालचं साफसफाईचं वाचा).

कर्नलला विचारा

वायरवाला माऊस मधेच मरून परत येत असेल तर अंदाज बांधत बसू नका, टर्मिनल उघडून 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' द्या, डीमेसेजची अक्षरं डी, एम, ई, एस, जी. खिडकी उघडी ठेवून काम करत रहा. माऊस गेला की लगेच काय ओळ आली ती बघा.

'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि पाठोपाठ 'न्यू यूएसबी डिव्हाइस' असं जोडीनं येत असेल तर संपर्क तुटतोय. वायर माऊसच्या तोंडाशी आणि पिनेच्या तोंडाशी हलवून बघा, नव्वद टक्के तिथंच आत तुटलेली असते, उंदरानं नाही कुरतडली तर. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१' म्हणजे बोलणं अर्धवट पोचतंय, -११० म्हणजे समोरनं उत्तरच येईना. दोन्हीत वायर, पोर्ट, हब ह्याच क्रमानं संशय घ्या. ओळ काहीच येत नाही आणि तरी माऊस गप, तर मग पॉवर सेव्हिंग नाहीतर वायरलेसचं काहीतरी.

आणि एक ओळ अशी आहे की ती बघितल्यावर मी पहिल्यांदा हसलो आणि मग लै दिवस डोकं खाजवलं. शिवाजी उद्यमनगरात एक वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात वेल्डिंग, आणि काचेच्या केबिनमध्ये बिलं आणि ड्रॉइंगसाठी एक मिंटवाला पीसी. मालक आबा, वय साठ, माऊस आठवड्याला एक बदलत होते. दिवसातनं दहाबारा वेळा माऊस जायचा, कधी कीबोर्डही जायचा. मी डीमेसेज लावून बसलो. बाहेर पोरानं वेल्डिंगचा आर्क मारला, माऊस मेला, आणि स्क्रीनवर ओळ आली: 'डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग'. तिथं प्रश्नचिन्ह मी घातलेलं नाही, कर्नललाच खात्री नसते म्हणून तो विचारतो. आबांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "आता ह्याला कुणी सांगितलं? हप्ता तर मी पाच तारखेलाच भरलाय की!"

तर हा ईएमआय बँकेचा नव्हे. इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स, म्हणजे विजेचा गोंगाट. वेल्डिंगचा आर्क, मोठी मोटर सुरू होणं, मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, हे सगळे वायरीतनं आणि हवेतनं झटके सोडतात, यूएसबीचा पोर्ट गोंधळून स्वतःला बंद करून घेतो, मग कर्नल तो परत चालू करतो. घरातही होतं हे, जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडताना नाहीतर ट्यूबलाइटचा चोक तडतडताना.

इथं आपण काय करू शकतो तेवढं सांगतो. माऊसची वायर आखूड घ्या आणि ती पॉवरच्या वायरीबरोबर गुंडाळून ठेवू नका. पिनेजवळ वायरीवर तो काळा गोळा असलेला माऊस मिळाला तर उत्तम, तो फेराइटचा असतो आणि असले झटके थोडे शोषून घेतो. कॉम्प्युटरचा प्लग वेल्डिंगच्या लाइनवरनं काढून दुसऱ्या लाइनवर घ्या. आबांकडं एवढं करून दहाबारा वेळचं दोनतीनवर आलं, पण गेलं नाही.

इथं थांबा

उरलेलं का जात नव्हतं ते मला माझ्या बोटानं सांगितलं. मागचा पोर्ट चाचपडताना कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट लागलं आणि बारीक चुरचुर झाली. हे झालं की माऊस, लिनक्स, कर्नल सगळं विसरायचं, कॉम्प्युटर बंद करायचा, प्लग काढायचा आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावायचा. दुसरं काही करायचं नाही.

अर्थिंग तुटलेलं असेल तर कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळं पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे २३० ला एकशे पंधराच्या आसपास, तरंगत राहतो. फिल्टर धड असेल तोवर करंट बारका असतो म्हणून नुसती चुरचुर होते, पण तो गोंगाट जमिनीत जायच्या ऐवजी यूएसबीच्या वायरीत घुसतो, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या मशीनची खरी गळती त्याच वायरीवर आली तर ती चुरचुर रहात नाही. भिंतीच्या सॉकेटात टेस्टर खुपसून स्वतः शोध घेऊ नका, तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून दोन पिनांवर तर अजिबात चालवू नका (आबांकडं तेही केलेलं होतं, एका एक्स्टेन्शन बोर्डला). इलेक्ट्रिशियन आला, अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक वर्षं पाण्याचा थेंब नव्हता आणि वरचा नटबोल्ट गंजून वायर नुसती टेकलेली होती. त्यानं ते नवं केलं. त्या दिवसापासनं आबांचा तोच माऊस आहे.

अजून दोन ठिकाणी हात आखडता घ्या. एकाच मशीनचे सगळे पोर्ट कुठल्याही माऊसला -७१ देत असतील, पेनड्राइव्हवरनं दुसरं लिनक्स चालू करूनही तेच, तर मदरबोर्डचा यूएसबी भाग गेलेला असू शकतो, तो चिपलेव्हलवाल्याचा विषय. आणि पोर्ट, पिन किंवा डोंगल हाताला चटका बसण्याइतकं गरम लागत असेल, जळका वास येत असेल, तर तिथं दुसरा माऊस लावून "बघूया" करू नका, तोही जाईल.

हात काढला की झोपणारा

कर्नल साध्या यूएसबी माऊसला आपणहून झोपवत नाही. कोणीतरी सांगितलेलं असतं. बहुतेकदा लॅपटॉपची बॅटरी वाढवायला म्हणून कुठंतरी वाचून पॉवरटॉप नावाच्या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून चालवलेलं असतं, ते सापडेल त्या यूएसबी वस्तूला झोपायची परवानगी देतं, माऊसलाही. 'सुडो पॉवरटॉप' उघडा, टॅब दाबत ट्यूनेबल्सपर्यंत जा, तिथं तुमच्या माऊसच्या नावासमोर 'गुड' असेल तर त्यावर एंटर मारून 'बॅड' करा. हो, बॅड. पॉवरटॉपच्या दृष्टीनं वीज वाचवणं म्हणजे गुड, आपल्याला माऊस बॅडच पाहिजे. लगेच फरक दिसला तर रोग सापडला. पण हे रीस्टार्टनंतर टिकत नाही, त्यामुळं सुरुवातीला पॉवरटॉप चालवणारी जी सर्व्हिस बसवली असेल ती बंद करा आणि बॅटरीसाठी टीएलपी नावाचा दुसरा प्रोग्रॅम वापरा, ते माऊस-कीबोर्डला मुळातच हात लावत नाही.

ब्लूटूथ

थोडक्यात. सेटिंगमध्ये जोडला तरी रोज तुटत असेल तर टर्मिनलमध्ये 'ब्लूटूथसीटीएल' उघडून माऊसच्या पत्त्यापुढं 'ट्रस्ट' द्या, पेअर म्हणजे ओळख आणि ट्रस्ट म्हणजे पुढच्या वेळी न विचारता घरात घेणं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर मात्र प्रत्येक वेळी इकडनं तिकडं गेलं की परत जोडायला लागणार, कारण जोडताना ठरलेली किल्ली दोन्हीकडं वेगळी असते आणि माऊस शेवटचीच लक्षात ठेवतो. एकीकडची किल्ली दुसरीकडं नेता येते, मी दोनदा केलंय, परत करणार नाही. दोन सिस्टिम असतील तर डोंगलवाला घ्या आणि सुटा. वायफाय २.४ वर असेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर न्या, एवढ्यानंही ब्लूटूथ माऊस शहाणा होतो.

एकाचे दोन क्लिक

इव्हीटेस्ट (अक्षरं ई, व्ही, मग टेस्ट) नावाचा प्रोग्रॅम बसवून 'सुडो इव्हीटेस्ट' चालवा, यादीतनं माऊसचा नंबर द्या, आणि डावं बटण सावकाश एकदा दाबून सोडा. कोड २७२ ची ओळ व्हॅल्यू १ घेऊन एकदा आणि ० घेऊन एकदा आली पाहिजे. एका दाबात १-०-१-० आलं तर आतला खटका झिजलाय, पत्री नाचतीय. लिबइनपुट, म्हणजे लिनक्समधलं माऊस-कीबोर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, असल्या नाचऱ्या बटणाला थोडं सांभाळून घेतं, म्हणून सुरुवातीला त्रास जाणवत नाही आणि एक दिवस अचानक सुरू होतो, पण ते तेवढ्यापुरतंच. सेटिंग बदलून खटका बरा होत नाही. सोल्डरिंग येणारा असेल तर नवा मायक्रोस्विच किरकोळ पैशात बसतो. चारपाचशेच्या माऊसला तेवढी मजुरी परवडत नाही, नवा घ्या.

चाक उलटं उडत असेल तर ती आतली घाण. इथं मार्केट यार्डातली गंमत सांगितली पाहिजे. गुळाच्या एका अडतीवर हंगामात चाक जाम व्हायचं, मी आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन गेलो आणि अर्धी बाटली संपवली तरी चिकट ते चिकटच. मग दिवाणजी म्हणाले, "दादा, गूळ पाण्यानं जातो की." साखर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही म्हणावी इतकी थोडी विरघळते, हे मला शाळेत शिकवलं असणार. माऊस काढून, सेल काढून, इअरबड नुसता ओलसर करून चाकाच्या कडा पुसल्या, मग अल्कोहोलचा हात फिरवला म्हणजे पाणी रहात नाही, आणि रात्रभर वाळवला. तेल-ग्रीस असेल तर उलट, थेट अल्कोहोल. उघडताना स्क्रू बहुतेक खालच्या पायपट्टीच्या किंवा स्टिकरच्या खाली लपलेला असतो, दिसत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. आत चार्ज होणारी बॅटरी असेल तर तिला टोचू नका, फुगलेली दिसली तर बंद करून बाजूला ठेवा, वापरू नका.

मग घ्यायचा कुठला

काउंटर, क्लास, ऑफिस: वायरवाला, तीन बटणांचा, चाक जरा घट्ट. खोक्यावर नुसतं विंडोज लिहिलेलं असलं तरी बिनधास्त घ्या, ते त्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल असतं. पुढं-मागं जाणारी अंगठ्याजवळची दोन बटणं आणि वेग बदलायचं बटण बहुतेक माऊसमध्ये सॉफ्टवेअरशिवायच चालतात.

वायरलेस: डोंगलवाला, आणि त्याच्याबरोबर एक्स्टेन्शन वायर त्याच दिवशी घ्या. स्वस्तातल्या माऊसचं डोंगल हरवलं की माऊस कचऱ्यात, दुसरं डोंगल त्याला चालत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग किंवा बोल्टवाल्यांचं तसं नाही, दुसरं डोंगल आणून सोलार नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं लिनक्समधनंच जोडता येतं, एका डोंगलला सहापर्यंत वस्तू. फक्त युनिफाइंगचा माऊस बोल्टच्या डोंगलला लागत नाही आणि उलटही नाही, खोक्यावर बघून घ्या. जुनं डोंगल असेल तर एफडब्ल्यूयूपीडी नावाच्या प्रोग्रॅमनं त्याचं फर्मवेअर, म्हणजे डोंगलच्या आतलं सॉफ्टवेअर, तपासा, २०१६ मध्ये माऊसजॅक म्हणून एक भोक सापडलं होतं, त्यात लांबनं तुमच्या डोंगलला खोटी बटणं पाठवता यायची, आणि त्याचा इलाज फर्मवेअरमध्येच आहे.

गेमिंगचा, ढीगभर बटणांचा: इथं मात्र आधी बघा आणि मग घ्या. बटणं आणि दिवे बदलायचं कंपनीचं सॉफ्टवेअर लिनक्सला सहसा येत नाही. पायपर नावाचा प्रोग्रॅम बरेच माऊस सांभाळतो, रेझरसाठी ओपनरेझर आहे, दोघांची चालणाऱ्या मॉडेलची यादी उघडी आहे, मॉडेल नंबर अगदी तोच आहे का ते शोधा, शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी आतला माल वेगळा असू शकतो. यादीत नसेल तर निदान स्वतःच्या मेमरीत सेटिंग साठवणारा घ्या, मित्राच्या विंडोजवर एकदा लावून ठेवलं की लिनक्सवरही तसाच चालतो.

बाण फार पळतोय किंवा अंगावर आल्यासारखा वाटतोय म्हणून माऊस बदलू नका, सेटिंगमध्ये माऊस ॲक्सिलरेशन, म्हणजे हात जोरात हलवला की बाण जास्तच पळवायची सोय, बंद करून दोन दिवस बघा.

आणि दुकानात जाताना तो ओटीजी ॲडाप्टर खिशात टाका. मी शाहूपुरीत काउंटरवरच फोनला माऊस लावून बघतो, बाण, दोन्ही बटणं, चाक वरखाली, चाक दाबून. पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "फोनला माऊस लावून काय ऊस तोडणार काय?" आता तोच गिऱ्हाइकांना लावून दाखवतो, ॲडाप्टर माझा राहिलाय त्याच्याकडं, अजून दिलेला नाही.